वाजवायला बोलावलेले

चेन्नई सेंट्रलहून उत्तरेकडे जाणाऱ्या लोकलने गुम्मिडिपूंडीला पोचायला दीडेक तास लागतो. कारखान्यांची मोठी वसाहत, आणि पुढे थोड्याच अंतरावर आंध्रची हद्द. मुहूर्ताच्या दिवशी इथल्या मंगल कार्यालयांत पहाटेपासून नादस्वरम, म्हणजे दक्षिणेची लांब सनई, वाजतं. वादक तोडी आळवत असतो, एकेक स्वर घोळवत वर चढत असतो, तेवढ्यात भटजींचं बोट वर होतं. ‘गेट्टी मेळम!’ राग असेल तिथे सोडायचा आणि तविल हा ढोल वाजवणाऱ्याने सगळं बळ लावून कडकडाट करायचा, कारण ताली (मंगळसूत्र) बांधताना कुणाची शिंक किंवा रडणं कानी पडणं अशुभ. मग अक्षता पडतात आणि लोक पंगतीकडे वळतात. वादकाचं नाव कुणी विचारत नाही.

‘अंगी गुण असेल तर नाव होतंच’ असं आपण बिनदिक्कत म्हणतो. ज्यांचं नाव झालं तेवढेच आपल्याला माहीत असतात, म्हणून ते खरं वाटतं. नादस्वरमला दम लागतो, ओठांची पकड लागते, वर्षानुवर्षांची तालीम लागते. रागविस्तारात ते गळ्याच्या तोडीचं आहे. तरीही वादकाला वाजवायला बोलावतात, ऐकायला नाही. ज्याच्यासमोर तासभर गप्प बसून कुणी ऐकलंच नाही, त्याची कीर्ती व्हावी कशी?

चेन्नईचा संगीत-हंगाम मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. शहरभर शेकडो मैफली होतात. याच महिन्यात लग्नं नसतात. म्हणजे ज्या काळात नादस्वरमवाले मोकळे आणि कमाईविना असतात, त्याच काळात शहर संगीताने दुमदुमतं, आणि त्यांच्या वाट्याला बहुधा उद्घाटनाचा मंगलध्वनी येतो. श्रोते खुर्च्या शोधत असतात, पाहुण्यांचं स्वागत चाललेलं असतं. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाची सुरुवात सनईने करायची प्रथा आहे. तिथेही त्या वेळी किती जण स्थिरावलेले असतात, हे जाणाऱ्यांनी आठवून पाहावं. सनई आपल्याला शुभ हवी असते. संगीत म्हणून हवी असते का?

यात जातीचा भाग मोठा आहे आणि तो दडवण्यात अर्थ नाही. नादस्वरम आणि तविल वाजवणारे बहुतेक इसै वेळ्ळाळर किंवा नाभिक समाजातले. मैफली भरवणाऱ्या सभांची सूत्रं वेगळ्या हातांत. तिरुवावडुदुरैचे नादस्वरमवादक टी. एन. राजरत्नम पिळ्ळै (१८९८–१९५६) यांनी ही कोंडी अंगावर घेतली. उभ्याने वाजवणार नाही, गवयासारखा मंचावर बसून वाजवीन, असा हट्ट धरला. चढ्या सुराच्या ‘तिमिरी’ऐवजी लांब, खालच्या सुराचं ‘बारी’ नादस्वरम रूढ केलं. त्यांची तोडी आजही प्रमाण मानतात. तरी मद्रास म्युझिक अकॅडमीचा ‘संगीत कलानिधी’ हा किताब त्यांना मिळाला नाही. एवढ्या ताकदीच्या माणसाला इतकं झगडावं लागलं, तर ज्याच्याकडे कला आहे पण भांडायची ऐपत नाही, त्याने काय करावं? आंध्रातल्या करवदीचे शेख चिन्ना मौलाना तंजावूरची बानी शिकले, श्रीरंगमला येऊन राहिले, तेव्हा कुठे १९९८ साली त्यांना तो मान मिळाला. गाव सोडणं ज्यांना शक्य नव्हतं, त्यांची गणती कुणी केलेली नाही.

१९६८चा ‘तिल्लाना मोहनांबाळ’ हा चित्रपट तमिळनाडूत घरोघरी माहीत आहे. नादस्वरम हाती घेतलेले शिवाजी गणेशन आठवत नाहीत असा माणूस तिकडे विरळा. फुंकर होती मदुरैच्या सेतुरामन आणि पोन्नुसामी या बंधूंची. त्यांची नावं जाणकारांना ठाऊक आहेत, पण लोकांच्या मनात ठसला तो चेहरा नटाचा.

आता तर बऱ्याच देवळांत मोटरवर चालणारं नगारा-घंटेचं यंत्र बसवलंय. कळ दाबली की आरतीचा गजर. आपल्याकडच्या गावांतही ते पोचलंय. उत्सवमूर्तीपुढे वाजवणाऱ्या घराण्याचा पिढीजात मानच नव्हे, रोजचा रियाझही त्यात बुडतो. मुलगा मग कारखान्यात लागतो आणि बापाकडची चीज बापाबरोबर जाते.

नादस्वरमचा आवाज बंदिस्त सभागृहात सोसत नाही, असं आयोजक सांगतात. ही सबब टिकत नाही. बारी नादस्वरम मंचावर वाजून पाऊणशे वर्षं होऊन गेली. ध्वनिक्षेपकाचा आवाज कमी करावा, नाहीतर मैफल मोकळ्या अंगणात ठेवावी. मार्गळीतली संध्याकाळची मुख्य वेळ, पूर्ण अडीच तास, मुख्य गायकाइतकंच मानधन, आणि पत्रिकेवर तविलवाल्यासकट प्रत्येकाचं नाव: हे सभांनी याच हंगामापासून करावं. त्यासाठी तंजावूरच्या ठरलेल्या घराण्यांपलीकडे जाऊन गुम्मिडिपूंडीच्या लोकलने येणाऱ्यालाही बोलवावं. आणि लग्नघरच्या यजमानाने ताली बांधायच्या आधी अर्धा तास पाहुण्यांना बसवून, वादकाचं नाव सांगून, राग पुरा होऊ द्यावा. याला खर्च काहीच नाही.