पेला, गोळी आणि न विचारलेला प्रश्न

दारू आणि अंगदुखीची गोळी यांबद्दल आपल्याकडे दोन मतं ठासून सांगितली जातात. एक: क्रोसिन, कॉम्बिफ्लाम या साध्या गोळ्या, त्यांनी काय होणार? दुसरं: घोटभर पोटात गेली असेल तर गोळी म्हणजे विषच. मला दोन्ही अमान्य आहेत आणि पहिलं जास्त घातक वाटतं.

दुसऱ्याचा निकाल आधी लावू. खाऊनपिऊन धडधाकट असलेल्या माणसाने कधीतरी एखादा पेग घेतला आणि पॅरासिटामॉलची एक गोळी खाल्ली, तर यकृत निकामी होत नाही. सरसकट भीती घातली की माणूस एकदा गोळी घेऊन पाहतो, काही होत नाही, आणि पुढे खरा इशाराही कानाआड करतो.

पहिल्या मताचे लोक फार तर म्हणतात, दारू उतरू द्या, मग घ्या गोळी. पॅरासिटामॉलपुरतं तरी हे चूक आहे. या औषधाचा थोडा अंश यकृतात विषारी बनतो आणि ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्याला निष्प्रभ करतं. हा बदल घडवणारं विकर रोजच्या पिण्याने वाढतं. रक्तात मद्य असेपर्यंत ते त्यातच गुंतलेलं असतं. मद्य ओसरलं की गोळीकडे वळतं. त्यात जेवण तुटलेलं असेल तर ग्लुटाथायोनही आटलेलं. रोज पिणारा, दोन दिवस धड न जेवलेला आणि मग अंग ठणकतं म्हणून गोळ्यांमागून गोळ्या घेणारा माणूस खरा धोक्यात असतो. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांचे ३.९ ग्रॅम होतात, प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. बऱ्याच सर्दीच्या गोळ्यांतही हेच औषध असतं. तशी एक घेतली की मर्यादा ओलांडली. रोज पिणाऱ्याला तर अनेक डॉक्टर २ ग्रॅमवरच थांबवतात.

‘भरपेट जेवून घेतली की बाधत नाही’ हे आणखी एक समाधान. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि ॲस्पिरिन जठराच्या अस्तराला जपणारी द्रव्यं कमी करतात, तेही रक्तावाटे. म्हणून इंजेक्शननेसुद्धा व्रण होतात. जेवणाने जळजळ कमी वाटेल, रक्तस्रावाचा धोका टळत नाही. मद्य तो वाढवतं. डांबरासारखी काळी शौच झाली तर मूळव्याध समजून घरी बसू नये, रुग्णालय गाठावं.

अमेरिकेत अँटोनियो बेनेडी जेवणाबरोबर वाइन घेत. १९९३ मध्ये फ्लूसाठी काही दिवस टायलेनॉल, म्हणजे पॅरासिटामॉलच, घेतल्यावर त्यांचं यकृत निकामी झालं आणि प्रत्यारोपण करावं लागलं. इशारा दिला नाही म्हणून १९९४ मध्ये व्हर्जिनियातल्या ज्यूरीने कंपनीला ८० लाख डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली. १९९८ मध्ये तिथल्या औषध नियामकाने दुकानात सहज मिळणाऱ्या वेदनाशामकांवर मद्याचा इशारा सक्तीचा केला: रोज तीन किंवा अधिक पेये घेत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आपल्याकडे नुसत्या छापील इशाऱ्याने भागणार नाही. मेडिकलवाला पट्टीतून कात्रीने चार गोळ्या कापून देतो. मजकूर अर्धा पट्टीवर, अर्धा गिऱ्हाइकाच्या खिशात, आणि तोही बहुधा बारीक इंग्रजीत. म्हणून माझं म्हणणं आहे की काउंटरवर तीन प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत: रोज दारू घेता का? जेवलात का? आणखी कुठली गोळी चालू आहे? दिवसभर राबून संध्याकाळी पिणाऱ्या आणि सकाळी गोळीवर कामाला उभं राहणाऱ्या मजुराला हे विचारणं म्हणजे त्याची चौकशी नव्हे. उत्तरांतून धोका दिसला तर गोळी कमी द्यावी किंवा डॉक्टरकडे धाडावं.

आणि पॅरासिटामॉलची मात्रा जास्त झालीच असेल, तर त्रास सुरू व्हायची वाट पाहू नये. पहिला दिवस माणसाला बरंच वाटू शकतं. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वाधिक गुणकारी ठरतो.