सड्यावरचें शिल्पसंग्रहालय

रत्नागिरीस जाणारीं कुटुंबें लोकमान्यांचें जन्मस्थान पाहतात, ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठीं १९१० सालीं बांधून झालेला थिबा राजवाडा व तेथील वस्तुसंग्रहालय पाहतात, आणि आंब्याच्या पेट्या घेऊन परततात. यंदा आम्हीं मुलाबाळांसह त्या जिल्ह्यांतील आणखी एक संग्रहालय पाहिलें. त्यास भिंती नाहींत, छप्परही नाहीं. जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यांवर तें गांवोगांव विखुरलेलें आहे. तेथील आकृतींस कातळशिल्पें म्हणतात.

राजापूर तालुक्यांतील कशेळीचा हत्ती सुमारें १८ मीटर लांब आहे, आणि त्याच्या देहांतच इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. एका दृष्टिक्षेपांत तो मावत नाहीं. कांठाकांठानें चालत गेल्यावर सोंड कोठें आणि पाय कोठें हें उमगतें. बारसूच्या सड्यावर दोहों बाजूंस वाघ व मध्यें मनुष्य अशी आकृति आहे. या शिल्पांत कोकणांत आज न आढळणारा गेंडा आहे, परंतु नांगर किंवा पेरणी कोठें दिसत नाहीं. म्हणून तीं शिकारीवर जगणाऱ्या लोकांनीं कोरलीं असावींत, असें अभ्यासक मानतात. ऊन तिरपें असतां उथळ रेषाही उठून दिसतात. यास्तव सकाळीं लौकर किंवा दिवस कलल्यावर जावें.

२०२२ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील सात स्थळें, सिंधुदुर्गांतील कुडोपी व गोव्यांतील फणसायमळ हीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत आलीं. हा गौरव खरा. तथापि यादीनें दगडाचें रक्षण होत नाहीं. उक्षी येथें हत्तीभोंवतीं कठडा घालून गांवानें तें काम स्वतः अंगावर घेतलें. इतरत्र याच कातळाचे चिरे निघतात, त्यावरूनच रस्ते जातात, आणि एकदां तुटलेली रेषा पुन्हां सांधतां येत नाहीं.

येथें आमच्या वाचकांचा संबंध येतो. आपणांपैकीं अनेकांच्या घराण्यांची कोकणांत सामाईक जमीन असते. तींतील सड्याची नोंद सातबाऱ्यावर पोटखराबा अशी असल्यामुळें तिकडे कोणी फिरकत नाहीं. पुढें एखादा खाणवाला भाव सांगतो, आणि पुण्यामुंबईस राहणारे चुलतभाऊ जागा न पाहतां सह्या करतात. सही करण्यापूर्वीं एकदां सर्वांनीं मिळून तो सडा पायांखालीं घालावा, गांवांतील गुराख्यास विचारावें, आणि रेषा आढळल्यास पुरातत्त्व खात्यास कळवावें. पीक न देणाऱ्या त्या तुकड्यावर वाडवडिलांच्याही पूर्वीं कोणी तरी आपला हात चालवून गेला असेल. तो ठेवा चिऱ्यांच्या भावानें विकण्याचा अधिकार आपल्या पिढीस आहे काय, याचा विचार प्रत्येक घरानें करावा.