हजेरीचं बटण
वर्गातल्या मुलांच्या हातात उत्तर देण्याची बटणं द्या, ती आपोआप शिकायला लागतील, असं सांगणाऱ्यांचा मला संताप येतो. नॅक या संस्थेकडून दर्जाचं मूल्यांकन व्हायचं असलं की महाविद्यालयांना तंत्रज्ञानाचा उमाळा येतो. ही बटणं, म्हणजे क्लिकर, नाहीतर मोबाइलवरचं मतदान सुरू होतं, अहवालात फोटो लागतात, आणि पडद्यावरचा प्रश्न असतो: 'न्यूटनचा दुसरा नियम कोणता?' पाठ केलेलं ओकायला यंत्र कशाला हवं?

हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी 1991मध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गात वेगळी रीत सुरू केली. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर द्यायचं. शिक्षण होतं ते त्या मधल्या भांडणात. पुढे कॅनडातल्या नॅथनिएल लासरी यांनी एका वर्गाला क्लिकर दिले, दुसऱ्याला उत्तर दाखवायची साधी कार्डं. 2008मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: मुलांच्या समजेत लक्षणीय फरक नाही. तरीही आपल्याकडे खरेदीच आधी होते.

मी मोरवा या खाडीकाठच्या गावात राहतो, पदवीच्या वर्गाला भौतिकशास्त्र शिकवतो. खाडी आणि मिठागरं बघत वाढलेल्या इथल्या मुलांना मी विचारतो: तीच होडी, तेवढ्याच मालासकट, खाडीच्या खाऱ्या पाण्यातही तरंगते आणि गोड्या तळ्यातही. प्लावक बल कुठे जास्त? बहुतेक जण ठामपणे खारं पाणी म्हणतात. मग कोणीतरी म्हणतं, 'अरे, होडी तरंगतेय ना? मग वजनाइतकंच बल लागणार, दोन्हीकडे सारखंच. खाऱ्यात ती कमी बुडते, एवढंच.' वर्ग पेटतो. असा एक प्रश्न तयार करायला संध्याकाळ जाते. ती संध्याकाळ प्राध्यापकाच्या कार्यभारात कुणीच धरत नाही.

बटणाचा एक गुण मात्र मी मनापासून मानतो. मोरवा, राई, मुर्धा या गावांतल्या मराठी शाळांतून आलेली मुलं इंग्रजीत चुकू, हसं होईल, या धाकाने हात वर करत नाहीत. कोणाचं उत्तर कोणतं हे वर्गाला कळत नसेल, तर तीही उत्तर देतात. आणि नेमकं हे निनावीपणच आपण मारून टाकतो! बटणाला हजेरी क्रमांक जोडतो, चुकीला गुण कापतो, पंचाहत्तर टक्के हजेरीचा हिशेब त्यातूनच काढतो. मग मूल विचार कशाला करेल? शेजारच्या हुशार मुलाचं बघून दाबेल. हा त्या मुलांचा सरळसरळ विश्वासघात आहे.

ज्या व्यवस्थापनाला खरोखर शिकवायचं आहे, त्याने हजेरी या प्रकारातून आजच काढावी, उत्तरांना गुण देणं थांबवावं आणि प्राध्यापकाला प्रश्न रचायला आठवड्यातला एक तास कामाचा म्हणून द्यावा. शेजाऱ्याशी वाद मराठीतून घालायची मुभा हवी. बटणं नसली तरी चालेल; कार्डं मी पुठ्ठ्याची कापून आणतो, फक्त ती शेजाऱ्याला न दाखवता धरायची.