फलक धरायला विद्यार्थी हवेत, हिशेब विचारायला नकोत?



१६ ऑक्टोबरचा जागतिक अन्न दिन माझी मुलगी शिकते त्या कॉलेजात यथासांग पार पडला. फेरी निघाली, घोषणा झाल्या, फोटोही निघाले. पण तिथल्याच मुलामुलींनी दुसऱ्या दिवशी निवेदन दिले, की वसतिगृहाच्या मेसची भाजी आणि तांदूळ बेळगाव परिसरातल्या शहापूर, येळ्ळूर, धामणेच्या शेतकऱ्यांकडून थेट घ्या. त्यावर उत्तर मिळाले, ‘टेंडर वर्षाचे आहे, तुम्ही परीक्षेकडे बघा.’

मुलांचे म्हणणे ३३ पैशांचे आहे. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधानुसार गिऱ्हाईक टोमॅटोला एक रुपया मोजते, तेव्हा शेतकऱ्याला जेमतेम ३३ पैसे मिळतात. कांद्याला ३६, बटाट्याला ३७. हमाली, वाहतूक, नासाडी यांना खर्च येतो, हे कबूल. पण हाकेच्या अंतरावरची वांगी मेसच्या कढईत पडायला मध्ये एवढे हात कशाला? रुपयातले ३३ पैसे! पेरणाऱ्याने, भांगलणाऱ्याने, औषधाची उधारी फेडणाऱ्याने तेवढ्यात भागवायचे आणि आपण अन्नदाता म्हणून त्याच्या गळ्यात हार घालायचे.

‘कॉलेजात असले राजकारण नको,’ असे एका पालकांनी मला ऐकवले. १९८१ साली निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग रोखून धरला, गोळीबारात बारा जण गेले. त्या लढ्यात सुभाष जोशी हे प्राध्यापकच पुढे होते. शेतमालाचा भाव हा कॉलेजचा विषय नव्हे, असे निदान या भागात तरी कुणी म्हणू नये. अमेरिकेत विद्यार्थ्यांनी ‘रिअल फूड चॅलेंज’ नावाने हीच मागणी लावून धरली. तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने तर २०२० पर्यंत वीस टक्के अन्नखरेदी पर्यावरणपूरक करण्याचे धोरणच लिहून ठेवले होते.

इथला माल पुरेल का, अशी शंका काढणाऱ्यांनी पावसाळ्यात एकदा शिवारात यावे, म्हणजे माल कमी का पडतो ते दिसेल. बळ्ळारी नाल्यातला गाळ आणि जलपर्णी काढा म्हणून शेतकरी वर्षानुवर्षे अर्ज करतात, तरी शहापूर-वडगाव शिवारातले भात पाण्याखाली जायचे काही थांबत नाही. हलगा-मच्छे बायपासात पिकाऊ जमीन गेली ती गेलीच. बेळगाव बासमतीचा अभिमान सगळ्यांना आहे, ती पिकवणाऱ्याची विचारपूस करायला मात्र कुणाला सवड नाही. महापालिका आणि पाटबंधारे खाते एकमेकांकडे बोट दाखवत बसले, तर उद्या थेट विकायलाही काही उरणार नाही.

संस्थाचालकांना विनंती आहे, की नव्या टेंडरमध्ये निदान पाचवा हिस्सा स्थानिक शेतकऱ्यांकडून घेण्याची अट घाला आणि कोणता माल काय दराने घेतला ते दर महिन्याला नोटीस बोर्डावर लावा. निवेदन देणाऱ्या मुलांना बोलावून घ्या, हिशेब ठेवायला ती तयार आहेत.

– एक पालक, शहापूर, बेळगाव