सुई टोचा साहेब, पण जवानाचं ऐकूनही घ्या

परवा रात्री बसस्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेत होतो. शेजारी एक ओळखीचा एसआरपी जवान येऊन बसला. बंदोबस्त संपवून दोन दिवसांसाठी घरी आला होता. मी सहज विचारलं, "काय भाऊ, झाली का झोप?"

तो हसला. म्हणाला, "झोप कसली भाऊ. डोळा लागला की कोणीतरी हाक मारल्यासारखं व्हतं. उठून बसतो. बायको म्हणती डॉक्टरला दाखवा. पण डॉक्टरला काय सांगू? वेडा झालो म्हणू?"

चहा संपला, तो गेला. त्याचा शेवटचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून हे लांबलचक लिहितोय. वेळ काढून वाचा.

आपल्या जालन्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 3 आहे. पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. सैन्यात आणि निमलष्करी दलात गेलेली पोरं तर गावागावात आहेत. भरतीच्या वेळी पहाटे चार वाजता रस्त्याने पळणारी पोरं आपण सगळ्यांनी बघितली आहेत. पोरगा लागला की पेढे वाटतो, बॅनर लावतो. पुढं त्या पोराच्या डोक्यात काय चालतं, ते कोणी विचारत नाही.

लढाईचा ताण ही काही आजची गोष्ट नाही. आपल्याच जिल्ह्यात, भोकरदनच्या बाजूला, केळणा आणि जुई नद्यांच्या मध्ये असई गाव आहे. तिथं 23 सप्टेंबर 1803 ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रजांची लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती होता वेलस्ली, ज्यानं पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. असईला तो जिंकला, पण त्याची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. त्या रात्री तो तिथंच शेतात आडवा झाला. आपली सगळी माणसं गेली, हे एकच स्वप्न त्याला रात्रभर पुन्हा पुन्हा पडत राहिलं, असं सांगतात. जिंकलेल्या सेनापतीची ही गत, तर साध्या शिपायाची काय असेल?

आता आजचं बघा. केंद्रीय गृह मंत्रालयाच्याच आकड्यांनुसार 2020 ते 2024 या पाच वर्षांत केंद्रीय सशस्त्र दलांतल्या 730 जवानांनी आत्महत्या केल्या. त्यातल्या 80 टक्क्यांहून जास्त घटना जवान रजेवरून परत आल्यानंतरच्या, असं मंत्रालयाच्या कृती दलाला आढळलं.

हा आकडा नीट वाचा. आपण म्हणतो, सुट्टी मिळत नाही म्हणून ताण. ते खरंच आहे. पण सुट्टीत घरी आलेला माणूस काय बघून जातो? बांधाचं भांडण, बँकेची नोटीस, आईचं आजारपण, बायकोचा अबोला. दहा-पंधरा दिवसांत यातलं काहीच सुटत नाही. तो तसाच गाडीत बसतो आणि दुसऱ्या दिवशी हातात हत्यार घेऊन ड्युटीवर उभा राहतो.

आता सुईकडे येतो.

अमेरिकेच्या हवाई दलातले डॉक्टर रिचर्ड निम्टझो यांनी 2001 मध्ये कानाच्या पाच बिंदूंवर बारीक सुया टोचून वेदना कमी करण्याची एक पद्धत बसवली. पुढं ती तिथल्या सैन्यात पसरली. त्याच्याही आधी, व्यसन सोडणाऱ्यांसाठी कानातल्या पाच सुयांची अशीच एक पद्धत न्यूयॉर्कच्या लिंकन हॉस्पिटलात तयार झाली होती. त्यात माणसं गोल करून खुर्च्यांवर बसतात. कानात सुया असतात आणि अर्धा-पाऊण तास गप्प बसायचं असतं. कोणी काही विचारत नाही, कोणाला काही सांगावं लागत नाही.

त्या शांत वेळात श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवलं, तर सुई आणि सजग ध्यान दोन्ही एकाच बैठकीत होतं. लागतं काय? खोली, खुर्च्या, एकदाच वापरून फेकायच्या निर्जंतुक सुया आणि शिकलेला माणूस.

याला पुरावा आहे का? आहे, पण डोकं ताळ्यावर ठेवून वाचावा लागतो. 2014 च्या अभ्यासात युद्धाच्या आघाताचा त्रास असलेले 55 अमेरिकन सैनिक घेतले होते. नेहमीच्या उपचाराला अ‍ॅक्युपंक्चरची जोड दिलेल्यांना जास्त फरक पडला. 2024 मध्ये 93 माजी सैनिकांवरचा अभ्यास आला. त्यात खऱ्या सुया नुसत्या नावापुरत्या टोचलेल्या सुयांपेक्षा सरस ठरल्या. पण नावापुरत्या सुयांनीही लोकांना बरं वाटलंच. म्हणजे कोणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय, यातच थोडं औषध आहे. ध्यानाचं म्हणाल, तर 2015 मध्ये 116 माजी सैनिकांवर अभ्यास झाला. त्रास कमी झाला, पण बेताचाच. तेव्हा चमत्कार वगैरे काही नाही.

"हे अमेरिकेचं आपल्याला काय?" असं कोणीतरी खाली लिहिणारच. म्हणून सांगतो. 1938 मध्ये चीनला मदतीसाठी भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यात सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. जखमी सैनिकांवर उपचार करताना कोटणीस 1942 मध्ये तिकडंच गेले. त्यांचे सहकारी डॉ. बिजय बसू 1950 च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि भारतात त्यांनी ते रुजवलं. पुढं महाराष्ट्रानं 2015 मध्ये अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला. 2019 मध्ये केंद्रानंही त्याला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

आणि ध्यान? जगभर माइंडफुलनेस म्हणून जे चालतं, त्याचं मूळ बुद्धाच्या विपश्यनेत आहे. इगतपुरीचं धम्मगिरी आपल्याच राज्यात आहे. आपल्या सरकारी शाळांतली पोरं मित्र उपक्रमात दहा मिनिटं आनापान करतात. मग त्याच पोराचा बाप बंदोबस्तावरून आल्यावर दहा मिनिटं बसला तर काय बिघडलं?

पण मला सगळ्यात मोठा फायदा वेगळाच दिसतो.

आपला जवान मानसोपचार तज्ज्ञाकडे जात नाही. वेडा म्हणतील, हत्यार काढून घेतील, प्रमोशन अडकेल, ही भीती. पण पाठ दुखते, मान आखडली, झोप नाही, एवढं सांगून तो सुया टोचून घ्यायला जाईल. कोणी हसणार नाही. चार वेळा तिथं गप्प बसला की पाचव्या वेळी तो बोलेल. सुई म्हणजे दार आहे. त्या दारातून तो आत आला, तर आत ऐकणारं माणूस बसलेलं पाहिजे. तिथं मानसोपचार तज्ज्ञ नसेल, तर सुया टोचून आपण फक्त कान दुखवले.

माझी भीती इथंच आहे. साहेब लोकांना कार्यक्रम आवडतात. बॅनर लागेल, फोटो निघतील, पेपरात "तणावमुक्ती शिबिर उत्साहात" अशी बातमी येईल. अशा बातम्या मीही छापल्यात, कबूल करतो. आणि दुसऱ्या दिवशी तोच जवान सोळा तास उभा. ताण ड्युटीतून येत असेल, तर आधी ड्युटीकडे बघा. मुंबईत 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झालाच ना? म्हणजे मनात आणलं तर जमतं.

दुसरं, सक्ती नको. डोळे मिटून बसल्यावर काहींच्या डोळ्यांपुढं नको तेच येतं. ज्याचा त्रास मोठा आहे त्याला ध्यानानं उलट जास्त होऊ शकतं. त्याला आधी डॉक्टर. चालू गोळ्याही कोणी परस्पर बंद करायच्या नाहीत.

काहीजण म्हणतील, पोलिसांचा एवढा पुळका कशाला? अंतरवाली सराटीत 1 सप्टेंबर 2023 ला लाठ्या चालल्या, तेव्हा मी प्रश्न विचारले होते. पुढंही विचारीन. पण चार रात्री न झोपलेल्या माणसाच्या हातात लाठी किंवा बंदूक असणं हे त्याच्यासाठी जेवढं वाईट, तेवढंच समोर उभ्या असलेल्या तुमच्या-माझ्यासाठी. हा पुळका नाही, आपल्याच जिवाचा हिशोब आहे.

म्हणून जालन्यापुरत्या तीन मागण्या.

एक. आपल्याकडे 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यांनी आणि एसआरपी गटानं मिळून आठवड्यातून दोन दिवस कॅम्पातच अशी बैठक सुरू करावी. नोंदणीकृत अ‍ॅक्युपंक्चर तज्ज्ञ, आनापान शिकवणारा आणि मानसोपचार तज्ज्ञ, तिघंही तिथंच. सहा महिन्यांनी झोपेत आणि त्रासात काय फरक पडला ते मोजावं. नाही पडला तर बंद करावं.

दोन. तिथं कोण आलं, काय बोललं, हे वरिष्ठांपर्यंत जाऊ नये. जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद, आणि तो आधीच सांगितलेला असावा.

तीन. रजेवरून आलेल्या प्रत्येक जवानाशी पहिल्या दोन दिवसांत कोणीतरी दहा मिनिटं बोलावं. "घरी सगळं ठीक ना?" एवढं विचारायला बजेट लागत नाही. जमिनीचा, कर्जाचा काही प्रश्न असेल तर तहसीलला एक फोन साहेबांनी करावा. त्या फोननं जेवढा ताण उतरेल, तेवढा शंभर सुयांनी उतरणार नाही.

सैन्यासाठी पुण्याच्या एएफएमसीमध्ये डिसेंबर 2023 पासून टेलिमानसचा स्वतंत्र कक्ष आहे. बाकी सगळ्यांसाठी 14416 हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तुमच्या घरात, गल्लीत कोणी वर्दीतला माणूस असेल तर त्याच्या फोनमध्ये आजच सेव्ह करून द्या. आणि हे वाचणारा कोणी जवान असेल, तर भाऊ, झोप न लागणं म्हणजे वेड लागणं नाही. बोला कोणाशी तरी. मला इनबॉक्स केलं तरी चालेल, नाव कुठं छापणार नाही.

टपरीवरच्या त्या भावाला मी नंबर पाठवलाय. दोन निळ्या टिका आल्यात. उत्तराची वाट बघतोय.