विश्लेषण : न वाचलेल्या पुस्तकाचा राग येतो कुठून? केनन मलिक यांची मांडणी काय सांगते?

सलमान रश्दी यांच्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये चाकूहल्ला करणाऱ्या हादी मतारला मे २०२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील न्यायालयाने २५ वर्षांची शिक्षा सुनावली. हल्ल्याच्या वेळी तो २४ वर्षांचा होता. म्हणजे इराणचे अयातुल्ला खोमेनी यांनी १९८९ मध्ये फतवा काढला, तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता. रश्दींच्या कादंबरीची जेमतेम दोन पाने वाचल्याचे त्याने एका मुलाखतीत सांगितले. पाश्चात्त्य देशांत वाढलेल्या तरुणांत हा राग येतो कुठून, याचा शोध ब्रिटिश लेखक केनन मलिक यांनी घेतला आहे. त्यांचे उत्तर धर्मग्रंथांपेक्षा नगरपालिकेच्या धोरणांकडे बोट दाखवते.

केनन मलिक कोण?

जन्म सिकंदराबादचा, वाढले मँचेस्टरमध्ये. शिक्षण मेंदूविज्ञानाचे, तारुण्य डाव्या चळवळीत गेलेले. ‘फ्रॉम फतवा टू जिहाद’ हे त्यांचे पुस्तक २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘ऑब्झर्व्हर’मधील त्यांचे स्तंभही वाचले जातात.

ब्रॅडफर्डमध्ये काय घडले?

१४ जानेवारी १९८९ रोजी या शहरात ‘द सॅटनिक व्हर्सेस’ची प्रत जाहीरपणे जाळण्यात आली. त्याआधी डिसेंबर १९८८ मध्ये बोल्टनमध्येही पुस्तक जाळले होते, पण त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. ब्रॅडफर्डच्या आयोजकांनी पत्रकारांना आवर्जून बोलावले आणि ते छायाचित्र जगभर गेले. त्यानंतर महिनाभराने फतवा आला.

त्या सुमारास मलिक वार्तांकनासाठी ब्रॅडफर्डला गेले, तेव्हा त्यांना डाव्या चळवळीतला एक जुना सोबती भेटला. पूर्वी धर्माशी फारसे देणेघेणे नसलेला हा मित्र आता रश्दीविरोधी मोहिमेत काम करत होता. तो असा का बदलला, हा प्रश्न मलिक यांच्या पुस्तकाच्या मुळाशी आहे.

कारण दहाच वर्षांपूर्वी चित्र वेगळे होते. मंगला धरणाने विस्थापित झालेल्या मीरपूर भागातून अनेक कुटुंबे ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरण्यांत कामाला आली. त्यांची मुले १९७०च्या दशकाच्या अखेरीस ‘एशियन यूथ मूव्हमेंट’मध्ये संघटित झाली. त्यांचे लढे वर्णद्वेषी हल्ले, पोलिसांची अरेरावी आणि स्थलांतराचे जाचक कायदे यांच्याविरुद्ध होते. हिंदू, शीख, मुस्लीम असा भेद तिथे गौण होता. हे तरुण मशिदीतल्या ज्येष्ठांशीही भांडत. १९८१ मध्ये पेट्रोल बॉम्ब बनवल्याच्या आरोपावरून याच वर्तुळातील १२ तरुणांना अटक झाली. वर्णद्वेषी टोळ्यांपासून वस्तीचे रक्षण करायचे होते, हा त्यांचा बचाव मान्य करून ज्यूरीने १९८२ मध्ये त्यांना निर्दोष सोडले.

मग मशिदी पुढे कशा आल्या?

मलिक यांच्या विवेचनाचा हा सर्वात कसदार भाग. रस्त्यावरचा असंतोष शमवण्यासाठी पालिकेने प्रत्येक समाजाच्या वेगळ्या ओळखीला मान्यता देणारे धोरण आखले. बोलणी कोणाशी करायची, हा प्रश्न उरला. १९८१ मध्ये पालिकेच्या पाठबळाने ‘ब्रॅडफर्ड कौन्सिल फॉर मॉस्क्स’ उभी राहिली. निधी, सामाजिक केंद्रे, शाळेतले हलाल जेवण हे सारे विषय आता धर्माच्या नावाने मांडले जाऊ लागले. नोकरी आणि पोलीस मागे पडले. ज्या मौलवींना तरुण जुमानत नव्हते, तेच सरकारदरबारी ‘समाजाचा आवाज’ ठरले. पुढे याच संस्थेने रश्दीविरोधी मोहिमेचे नेतृत्व केले.

‘भावना दुखावल्या’ हे हत्यार मात्र एकाच धर्माचे राहिले नाही. बर्मिंगहॅममध्ये डिसेंबर २००४ मध्ये ‘बेझ्ती’ हे नाटक शीख निदर्शकांमुळे बंद करावे लागले, याकडेही मलिक लक्ष वेधतात.

फ्रान्सचा मार्ग वेगळा, मग निकाल?

फ्रान्सने वेगळ्या ओळखींना मान्यता देण्याचेच नाकारले. सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांवर २००४ मध्ये बंदी आली. तरीही नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिस परिसरात १३० जणांचा बळी गेला. मलिक यांच्या मते दोन्ही देशांनी एकच चूक केली. उत्तर आफ्रिकेतून आलेल्या, धर्माशी निरनिराळे नाते असलेल्या माणसांना फ्रान्सनेही ‘मुस्लीम’ या एकाच खणात टाकले.

आक्षेप काय आहेत?

समाजशास्त्रज्ञ तारिक मोदूद बहुसांस्कृतिकतेची बाजू घेतात. अल्पसंख्याकांच्या ओळखीला सार्वजनिक जीवनात स्थान मिळाले, तरच नागरिकत्व समान होते, असे त्यांचे म्हणणे. दुसरा मुद्दा परराष्ट्र धोरणाचा. ७ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये ५२ जणांना मारणाऱ्या हल्लेखोरांच्या म्होरक्याने मागे ठेवलेल्या चित्रफितीत मुस्लीम देशांवरील अत्याचारांचा सूड अशी भाषा होती. त्याचा हिशेब ब्रॅडफर्ड पालिकेच्या अनुदानांतून लागत नाही. शिवाय गिरण्या बंद पडल्यावर कामगार चळवळीचा आधारच गेला असता, पालिकेने काहीही केले असते तरी. मलिक याला द्यावे तितके वजन देत नाहीत.

भारताचा संबंध कुठे येतो?

सुरुवातीलाच. ब्रॅडफर्डच्या तीन महिने आधी, ५ ऑक्टोबर १९८८ रोजी भारताने पुस्तकाच्या आयातीवर बंदी घातली. ती मागणाऱ्या खासदार सय्यद शहाबुद्दीन यांनी पुस्तक वाचलेले नाही आणि वाचणारही नाही, असे लिहिले होते. २४ फेब्रुवारी १९८९ रोजी रश्दींच्याच जन्मगावी, मुंबईत, निदर्शकांवरील पोलीस गोळीबारात १२ जणांचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ही बंदीची अधिसूचना कोणालाच सादर करता आली नाही. ती अस्तित्वातच नाही असे गृहीत धरून न्यायालयाने याचिका निकाली काढली. डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तक दिल्लीतील दुकानात विक्रीला आले.