शुद्धीचे दोन अर्थ

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि त्यानंतर सनातन्यांनी त्या तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून त्याची ‘शुद्धी’ केली. माणसाच्या स्पर्शाने बाटणारे पाणी शेणामुताने पवित्र होते, असे मानणाऱ्या समाजाला पाणी खरोखर कशाने दूषित होते, याचा विचार करण्याची गरजच भासली नाही. आज आपल्या नद्यांची जी दैना झाली आहे, तिचे एक मूळ या मनोवृत्तीत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. नदीला माता म्हणून ओवाळायचे आणि तिच्याच पात्रात शहराचा मैला सोडायचा, यात आपल्याकडे कोणाला विसंगती वाटत नाही.

इंग्रज मात्र जात्याच स्वच्छ, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सची दुर्गंधी पार्लमेंटच्या दालनात शिरली, तेव्हा कुठे जोसेफ बॅझल्जेट यांच्या भूमिगत गटारांसाठी पैसा मंजूर झाला. त्या गटारांनीही मैला केवळ शहराच्या पूर्वेस, बेक्टन व क्रॉसनेस येथे नेऊन प्रक्रियेविना नदीत सोडला. १८७८ साली ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही बोट त्याच परिसरात, त्याच घाणीत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. घाण दुसऱ्याच्या दारात ढकलल्याने ती नाहीशी होत नाही, हा त्याचा धडा. १९५७ साली तर टेम्स जीवशास्त्रीयदृष्ट्या मृत ठरली. पुढे शुद्धीकरण केंद्रांची नव्याने उभारणी झाली आणि १९७४ साली या नदीत पुन्हा सामन मासा सापडला. जुनी गटारे पावसात आजही तुंबून वाहतात, म्हणून पंचवीस किलोमीटर लांबीचा नवा बोगदा खोदावा लागला. तो फेब्रुवारी २०२५ मध्ये पूर्णपणे जोडला गेला.

हे परिवर्तन कोणत्या मंत्राने घडले? १९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न व लॉकेट यांनी दाखवून दिले की मैलापाण्यात हवा खेळवली असता सूक्ष्मजीव त्यातील सेंद्रिय घाण खाऊन टाकतात. ती घाण टाकीत संपली नाही, तर नदीत जाऊन पाण्यातील प्राणवायू शोषून घेते आणि मासे गुदमरतात. विज्ञान, कायदा आणि नियमित खर्च हीच ती खरी शुद्धी.

आपल्या मायदेशाचे चित्र काय आहे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार भारतातील शहरांतून दररोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निघते. त्यांपैकी प्रत्यक्ष शुद्ध होते ते सुमारे २०,२३६ दशलक्ष लिटर. निधी नाही, असे सांगण्यात येते. मग घाटांच्या सुशोभनास आणि आरतीच्या रोषणाईस तो कोठून येतो?

याहून दारुण प्रश्न आहे तो गटारात उतरणाऱ्या माणसाचा. १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले. गटारातील मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख रुपयांची भरपाई ठरविली. तरीही विषारी वायूने गुदमरून माणसे मरतच आहेत, आणि ती बहुतांशी कोणत्या समाजाची असतात, हे वाचकांना सांगणे न लगे. जातीने स्वस्त केलेले मनुष्यबळ हाताशी असताना यंत्रावर खर्च कोण करणार? नदी सडते आणि माणूस मरतो, या दोन्हींचे कारण एकच आहे.

म्हणून नदीशुद्धीच्या प्रत्येक योजनेस दोन कसोट्या लावाव्यात. पात्रात मासा जगतो का, आणि गटारात माणूस उतरल्याविना काम चालते का? यांपैकी एकच कसोटी उतरली, तर ती योजना अपुरी समजावी. आपल्या संघटनेत अभियंते आहेत, डॉक्टर आहेत, कायद्याचे जाणकार आहेत. मायदेशी गेल्यावर आपण विहारास, शाळेस देणगी देतो. ते योग्यच आहे. त्याचबरोबर आपल्या गावच्या नगरपालिकेत जाऊन मैलापाणी कोठे जाते आणि गटार कोण साफ करतो, हे दोन प्रश्न प्रत्येकाने लेखी विचारावेत. चवदार तळ्याचा संग्राम पाण्यावरील हक्कासाठी होता. ते पाणी पिण्याजोगे राखणे आणि त्यापायी कोणाचाही बळी जाऊ न देणे, हे त्याच संग्रामाचे उर्वरित कार्य आहे.

जय भीम!